खरखर नेमकी कुठून येते?

पुण्याहून मुंबईकडे जाताना लोणावळा आलं की गाडी हटकून थांबते. मोठी माणसं चिक्कीच्या दुकानात शिरतात आणि मुलं 'आता घाट येणार!' म्हणून खिडकीची जागा पकडून बसतात. पण या थांब्यावर करायचं आणखी एक काम आहे. त्याला पैसे पडत नाहीत, वेळही फार लागत नाही. ते काम म्हणजे गाडीचा आवाज नीट ऐकणं. कारण लोणावळा-खंडाळ्याच्या पुढे रस्ता सह्याद्रीवरून खाली कोसळतो, आणि तिथे तुमच्या जिवाची सगळी जबाबदारी ब्रेकवर असते.

आज आपण या घाटाची सहल करणार आहोत, पण जरा वेगळ्या गाडीतून. समजा, तुमच्या बाबांचे एक मित्र जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत. लोणावळ्यातल्या त्यांच्या बंगल्यात एम.जी.बी. नावाची इंग्रजी स्पोर्ट्स कार आहे. दोनच आसनं, दुमडून मागे टाकता येणारं छप्पर, लांबलचक नाक. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एम.जी.बी. गाड्या इंग्लंडमध्ये तयार झाल्या. पावसाळाभर ही गाडी ताडपत्रीखाली उभी होती. दिवाळीच्या सुट्टीत काकांनी ती बाहेर काढली, तुम्हाला शेजारी बसवलं, आणि फाटकाबाहेर पडताच पुढच्या बाजूनं आवाज सुरू झाला, खर्रर्र...

काकांना आज खोपोलीपर्यंत उतरायचं आहे. उतरावं की नाही? तुम्ही काय सांगाल?

आधी घाट समजून घेऊ

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर आहे. खाली खोपोलीला पोचेपर्यंत आपण पाचशे मीटरांहून जास्त खाली आलेलो असतो. या वाटेचं नाव बोरघाट. कोकणातल्या बंदरांतून देशावर येणारे व्यापारी दोन हजार वर्षांपूर्वीही इकडूनच चढायचे. म्हणून तर घाटमाथ्यापासून जवळच कार्ले आणि भाजे इथली लेणी आहेत. राजमाची किल्ला याच वाटेवर नजर ठेवून उभा आहे, आणि लोहगड-विसापूरची जोडी मावळात पहारा करते.

चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता १८३० मध्ये खुला झाला. तेव्हा सर जॉन माल्कम हा मुंबईचा गव्हर्नर होता. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली. तिचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट इतका आहे. आगगाडीसाठी हा चढ भयंकरच म्हणायचा! म्हणून वर येणाऱ्या गाड्यांना कर्जतला जास्तीची इंजिनं लावतात. आणि खाली जाणाऱ्या गाड्यांचं काय? त्यांना मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी मुद्दाम थांबायला लावतात. गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत याची खात्री पटते. मगच पुढचा मार्ग मिळतो. एखादी गाडी थांबलीच नाही, तर तिला चढावर नेऊन थोपवणारे वेगळे रूळही या घाटात टाकलेले आहेत.

पाहिलंत? एवढी मोठी रेल्वे, पण 'ब्रेक चांगलेच असतील' असं गृहीत धरत नाही. ती तपासून पाहते. मग आपणही तपासायला नको का?

पंधरा लिटर उकळतं पाणी

एक छोटंसं गणित करू. गाडी आणि आत बसलेले दोघं मिळून वजन धरा १,००० किलो. ती ५०० मीटर खाली उतरली, तर तिच्यातली किती ऊर्जा मोकळी होईल? वजन गुणिले गुरुत्वाकर्षणाचा ९.८ हा आकडा गुणिले उंची, म्हणजे सुमारे ४९ लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेत पंधरा लिटर गार पाणी उकळायला लागेल!

लोणावळ्याच्या आसपासच्या धरणांतलं पाणीही याच डोंगरावरून खाली जातं. टाटांनी ते मोठाल्या नळांतून खाली सोडलं आणि १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली. तिथे उतरणाऱ्या पाण्याच्या ऊर्जेची वीज होते. विजेवर चालणारी आजची नवी रेल्वे इंजिनंसुद्धा घाट उतरताना आपल्या मोटारी जनित्रासारख्या चालवतात आणि वीज तारेत परत पाठवतात. पण आपल्या एम.जी.बी.ला ही सोय नाही. तिची काही ऊर्जा हवेच्या विरोधात जाते, काही इंजिन अडवून धरतं, आणि उरलेल्या सगळ्या ऊर्जेची ब्रेकमध्ये उष्णता होते.

या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटा घातल्यासारखा एक भाग बसवलेला असतो, तो कॅलिपर. आपण पेडल दाबलं की नळीतलं ब्रेक ऑइल कॅलिपरमधले पिस्टन पुढे ढकलतं, पिस्टन पॅडना ढकलतात, आणि पॅड डिस्कला घट्ट धरतात. पेडल सोडलं की पॅडनी पकड सोडायची असते. पण एखाद्या पॅडनं ती सोडलीच नाही, तर? ते न दाबताही घासत राहतं आणि तापत राहतं. सपाट रस्त्यावर त्याची नुसती कटकट वाटते. घाटात मात्र मुळातच तापणाऱ्या ब्रेकमध्ये ही आणखी उष्णता जाऊन पडते.

पुढचा धोका ब्रेक ऑइलमध्ये लपलेला आहे. हे ऑइल हवेतलं बाष्प हळूहळू शोषून घेतं. आणि लोणावळ्याची हवा किती ओली! इथे वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, पुण्याच्या पाचपट तरी. 'डॉट ४' प्रकारचं नवं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. तेच ऑइल पाणी शोषून जुनं झालं, की ही हमी १५५ अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पेडल भसकन खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही. समोर वळण, खाली दरी! म्हणून 'खर्रर्र' हा आवाज लोणावळ्यातच समजून घ्यायचा, खाली जाऊन नव्हे.

आवाजाला चार प्रश्न विचारा

पुष्कळ माणसं आवाज आला की लगेच अंदाज सांगतात, "पॅड गेले असतील, बदलून टाका!" असे अंदाज महागात पडतात. त्यापेक्षा गुप्तहेरासारखे प्रश्न विचारायचे. प्रत्येक उत्तरागणिक संशयित कमी होत जातात.

पहिला प्रश्न : आवाज आपोआप जातो का? पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा वेळा हलके ब्रेक मारले, की पॅड तो गंज खरवडून काढतात आणि आवाज थांबतो. असं झालं तर तो नुसता गंज होता. काकांनी हे करून पाहिलं. आवाज कमी झाला, पण गेला नाही. म्हणजे पुढे शोधायला हवं.

दुसरा प्रश्न : आवाज कोणत्या बाजूचा? गाडीत बसून हे चटकन कळत नाही. त्यासाठी तुंगार्लीकडची, दगडी कंपाउंडं असलेली एखादी निवांत गल्ली गाठा. छप्पर उघडा आणि भिंतीला समांतर, माणसाच्या धावण्याइतक्या वेगानं गाडी न्या. भिंतीकडच्या चाकाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि स्पष्ट ऐकू येतो. मग गाडी वळवून दुसरी बाजू भिंतीकडे आणा. आपल्या गाडीत आवाज उजव्या बाजूला ठळक आला.

तिसरा प्रश्न : आवाज सलग आहे की ठेक्यात? हे फार महत्त्वाचं, बरं का. या गाडीचं चाक एका फेरीत सुमारे १.९ मीटर जातं. ताशी १० किलोमीटर वेगाला ते दोन सेकंदांत साधारण तीन फेऱ्या घेतं. 'खर्र...खर्र...खर्र' असा आवाज याच ठेक्यात येत असेल, तर फेरीत एकाच जागी काहीतरी लागतंय. डिस्क किंचित वाकडी असेल, किंवा तिच्यावर एखादा उंचवटा असेल. आवाज सलग 'सर्रर्र' असा असेल, तर काहीतरी सतत घासतंय. आपला आवाज सलग निघाला.

चौथा प्रश्न : आवाज कशानं बदलतो? चालवणाऱ्यानं पेडलवर अगदी हलका पाय ठेवून पाहायचा. आवाज बदलला, तर संशय पॅड आणि डिस्कवर. काहीच फरक पडला नाही, तर डिस्कमागचा चिखल अडवणारा पत्रा किंवा चाकाचं बेअरिंग तपासायचं. बेअरिंगची आणखी एक खूण आहे. गाडी डावीकडे वळवली की भार उजव्या चाकांवर येतो, आणि उजवं बेअरिंग बिघडलं असेल तर ते तेव्हा जास्त कुरकुरतं. आपल्या गाडीत वळताना काही फरक नाही, पण पेडलला पाय लागताच आवाजाचा सूर बदलला. म्हणजे गडबड ब्रेकमध्येच!

आता एक सोपी परीक्षा. सपाट रस्त्यावर तीन-चार किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता गाडी चालवा आणि थांबा. दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यभागाजवळ तळहाताची मागची बाजू न्या. हात लावायचा नाही, भाजेल! एक चाक गार आणि दुसऱ्याची धग लागते आहे, तर तापलेल्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. आपलं उजवं चाक असं तापलं होतं. झालं, काकांनी खोपोलीचा बेत रद्द केला आणि गाडी हळूहळू गॅरेजकडे वळवली. उरलेली तपासणी आता फिटर करणार. आपण बाजूला उभं राहून पाहायचं.

जॅकवर चढलेलं चाक

फिटर आधी मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावतो. मग जॅकनं पुढची बाजू उचलतो आणि खाली भक्कम लोखंडी घोड्या ठेवतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही कुणी जायचं नाही, हा नियम पक्का लक्षात ठेवा. दुसरा नियम : ब्रेकवरची धूळ फुंकायची नाही. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि ती धूळ फुप्फुसांना घातक असते.

आता तो दोन्ही चाकं हातानं फिरवून पाहतो. डावं चाक हलकेच 'सुस्स' करत फिरतं. डिस्कला पॅड जरासं चाटून जाणं यात बिघाड नाही. उजवं चाक मात्र अर्ध्या फेरीतच थांबतं. एकाच गाडीत एक चांगलं आणि एक बिघडलेलं चाक आहे, म्हणजे तुलना करायला नमुना शेजारीच मिळाला!

चाक काढल्यावर तो आधी सोपे संशयित तपासतो. डिस्क आणि पत्र्यामध्ये खडा अडकलाय का? नाही. पत्रा वाकून टेकलाय का? नाही. पॅड झिजून त्याची लोखंडी पाठ डिस्कला लागतेय का? नाही, पॅड जाड आहेत. डिस्क झिजून तिच्या कडेला उंच काठ उरतो, त्यावर नवं पॅड घासतंय का? तेही नाही. हब पकडून हलवलं, तर बेअरिंगमध्ये ढिलेपणा नाही. डिस्कचा वाकडेपणा मोजायला घड्याळासारखं गेज लावतात. साधारण एका कागदाच्या जाडीइतका, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा फरक ही तिथली हद्द. डिस्क त्याच्या आतच आहे.

उरला कॅलिपर. पिस्टनभोवती रबराचं चौकोनी कडं असतं. पिस्टन पुढे सरकला की ते रबर पिळलं जातं, आणि पेडल सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. या कामासाठी दुसरी स्प्रिंगबिंग काही नसते. पिस्टन गंजला तर तो रबराला जुमानत नाही आणि पॅडला चिकटून बसतो.

पण थांबा! पिस्टन खरोखर गंजलाय, की मागून कुणी त्याला ढकलून धरलंय? हे ओळखायची युक्ती फार छान आहे. कॅलिपरवर हवा काढायचा एक छोटा स्क्रू असतो. फिटरनं एकाला ब्रेक दाबून सोडायला सांगितलं. चाक जाम झालं. मग त्यानं तो स्क्रू जरासा सैल केला. पिचकन थोडं ऑइल बाहेर आलं, आणि चाक फिरायला लागलं! म्हणजे पिस्टन गंजलेला नव्हता. ऑइलच आत कोंडलं होतं. स्क्रू सैल करूनही चाक जामच राहिलं असतं, तर दोषी पिस्टन ठरला असता.

ऑइल कोंडलं कुठे? चेसिसपासून कॅलिपरपर्यंत येणारी रबरी होज पाइप पाहा. बाहेरून धडधाकट दिसते, पण वर्षानुवर्षांत ती आतून फुगते आणि भोक बारीक होतं. पायाच्या जोरानं ऑइल आत जातं, पण रबराच्या कड्याच्या दुबळ्या जोरानं परत येऊ शकत नाही. दोन्ही पुढची चाकं सारखीच जाम असती, तर संशय मास्टर सिलिंडरवर गेला असता, कारण तो दोन्हींना सामाईक. इथे एकच चाक जाम आहे, आणि या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाला वेगळी होज पाइप आहे. सापडला गुन्हेगार!

आता उजवी होज पाइप बदलायची. पण डावीही त्याच वयाची आहे, म्हणून तीही बदललेली बरी. मग सगळं जुनं ऑइल काढून नवं भरायचं, हवा काढायची, आणि चाक पुन्हा फिरवून पाहायचं. अंदाजानं पॅड बदलले असते, तर पैसे गेले असते आणि आवाज तसाच राहिला असता. वर 'नवे पॅड टाकलेत' म्हणून काका निर्धास्तपणे घाट उतरले असते. हेच सगळ्यात वाईट.

आता उतरू या

ब्रेक दुरुस्त झाले, तरी ते सांभाळून वापरावे लागतात. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं म्हणजे ही मदत स्वतःच झिडकारणं. ब्रेकवर सारखा पाय ठेवून उतरू नये. वेग वाढला की नीट दाबावा, वेग कमी करावा, आणि पाय काढावा. मधल्या वेळात वारा डिस्क गार करतो.

खंडाळ्याच्या पुढे अमृतांजन पॉइंट लागतो. तिथला ब्रिटिश काळातला जुना पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला. जुन्या रस्त्यानं आणखी खाली, खोपोलीच्या वरच्या अंगाला, शिंग्रोबाचं देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगरानं इंग्रजांना या डोंगरातून खाली उतरायची वाट दाखवली, असं इथे सांगतात. येणारे-जाणारे ड्रायव्हर त्याला हात जोडतात, नाणं वाहतात. ज्यानं आधी वाट नीट पाहून ठेवली, त्याला नमस्कार! तुम्हीही सुरक्षित जागा पाहून थांबा. नमस्कार होईल आणि तेवढ्यात ब्रेकही निवतील. मात्र तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. बीड एकदम गार झालं तर तडकू शकतं.

घरची परीक्षा

एम.जी.बी. आपल्या दारात नसली, तरी सायकल असेलच. तिच्या रिमला दोन्हीकडून पकडणारे रबरी ठोकळे हा साधा डिस्क ब्रेकच आहे. सायकल उलटी उभी करा, पुढचं चाक फिरवा आणि ऐका. ठेक्यात घासतंय? मग रिम तिथे वाकडी आहे. चाकाच्या फोर्कला टेकवून खडूचा तुकडा स्थिर धरा आणि रिमजवळ न्या, वाकड्या जागी खूण उमटेल. सलग घासतंय? मग एक ठोकळा टेकलेला आहे. तो कोणता? ब्रेक दाबून सोडा आणि कोणता ठोकळा मागे येत नाही ते पाहा. मग विचारा, त्याची स्प्रिंग ढिली आहे, की ब्रेकची तार गंजून आत अडकते आहे? ब्रेकच्या टोकाशी तार सोडवून पाहिलीत, तर याचंही उत्तर मिळेल. फिटरनं स्क्रू सैल करून हेच तर केलं होतं! तपासून झालं की तार पुन्हा घट्ट बसवा, मोठ्या माणसाला दाखवा आणि मगच सायकलवर बसा.

आणि पुढच्या सुट्टीत लोणावळ्याला थांबलात, की चिक्कीची पुडी फोडण्याआधी दोन मिनिटं गाडीतला रेडिओ बंद करायला सांगा. खिडकीची काच खाली करा, आणि गाडी हलली की चाकांकडे कान द्या.